स्थूल मुलांमधील इन्सुलिनरोधाचे रक्तनिर्देशक

शरीरातील पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते जादा सोडून साखर ताब्यात ठेवते. हा इन्सुलिनरोध. दवाखान्यात सगळे ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’च म्हणतात. स्थूल मुलांत तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, कारण साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे निश्चिंत होतात. इंदूरच्या मराठी घरांत मुलाची काळवंडलेली, मखमली जाड झालेली मान बेसन-दुधाने घासली जाते, वर त्याला अस्वच्छ म्हणून बोलणीही बसतात. पण तो मळ नसतो. वाढलेल्या इन्सुलिनची ती त्वचेवरची खूण असते. ती दिसली की रक्त तपासून घ्यावे.

सर्वांत काटेकोर मोजमाप ‘क्लॅम्प’ पद्धतीचे. त्यात शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देत साखर काही तास एकाच पातळीवर धरतात, त्यामुळे ती संशोधनापुरतीच राहिली. एरवी १९८५ मध्ये मांडलेले होमा-आयआर हे सूत्र वापरतात, त्याचा आकडा जितका मोठा तितका इन्सुलिनरोध जास्त : उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅम साखर आणि मिलिलिटरमागे १८ मायक्रोयुनिट इन्सुलिन असेल, तर उत्तर ४ येते. साखर अगदी ठीक, पण ती ठीक ठेवायला किती इन्सुलिन खर्ची पडते आहे ते इथे उघड होते.

मात्र हा आकडा एकटा वाचू नये. वयात येताना ग्रोथ हार्मोनमुळे निरोगी मुलांतही इन्सुलिनरोध तात्पुरता वाढतो. आठ वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या मुलाला एकच मर्यादा लावणे चूक आहे. उपासही खरा हवा, निदान आठ तासांचा. रात्री बाराला इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस आणि रबडी खाऊन आलेल्या मुलाचे सकाळी सातला घेतलेले रक्त उपाशीपोटीचे ठरत नाही. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिन खोटेच कमी दिसते.

स्वस्त आणि हाताशी असलेला निर्देशक म्हणजे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) यांचे गुणोत्तर; ते जास्त असेल तर इन्सुलिनरोधाची शंका घ्यावी. ते साध्या लिपिड प्रोफाइलमधूनच, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीतूनच, काढता येते. यकृतात चरबी साठू लागली की एएलटी हे यकृताचे विकर रक्तात वाढू शकते. स्थूलपणात चरबीपेशींच्या दोन संप्रेरकांपैकी लेप्टिन चढते, अ‍ॅडिपोनेक्टिन उतरते. या दोन संप्रेरकांच्या चाचण्या रोजच्या वापरात नाहीत. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. पण तिथवर गोष्ट बरीच पुढे गेलेली असते, शिवाय आपल्या मुलांत सर्रास आढळणाऱ्या लोहाच्या कमतरतेनेही हा आकडा फुगतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिन पाहावे.