परसातली गावठी कोंबडी आणि पिल्लांची उबवण (गोवा)

घराच्या मागीलदारी, माडांच्या भाटात किंवा कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला चार-दोन ते पंधरा-वीस गावठी कोंबड्या मोकळ्या सोडून पाळण्याची, आणि त्यांतलीच एखादी खुडूक (अंडी उबवायला बसण्याच्या बेतात) झाली की तिला अंड्यांवर बसवून पिल्ले काढण्याची गोव्यातली घरगुती पद्धत. कोकणीत कोंबडीला कोंबी, कोंबड्याला कोंबो आणि अंड्याला तांतीं म्हणतात. ‘गावठी’ हा शब्द मात्र मराठी-कोकणी दोन्हीकडे एकच. सत्तरी, पेडणे, सांगे, काणकोण अशा तालुक्यांत ही पद्धत अजून रोजच्या संसाराचा भाग आहे. शहरांलगतच्या वाड्यांतही ती टिकून आहे, पण तिथे शेजाऱ्यांचा रुसवा सांभाळावा लागतो.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. गोव्याच्या रानात दिसतो तो मात्र त्याचा चुलतभाऊ, राखी रानकोंबडा. मोले, बोंडला, खोतीगाव, म्हादई या अभयारण्यांच्या पट्ट्यात पहाटे त्याचा आवाज ऐकू येतो. अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग याच राखी पक्ष्याकडून आल्याचे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दाखवण्यात आले. अंगणातल्या पिवळ्या पायांच्या कोंबडीत सह्याद्रीच्या बाजूचा थोडा अंश आहे, असे म्हणायला हरकत नाही.

गावठी कोंबडी अंड्यांसाठी पाळावी, तर हिशेब जुळत नाही. वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी ३०० च्या आसपास देते. गोव्यात दुकानांत विकली जाणारी पांढरी अंडी बहुतेक शेजारच्या राज्यांतून येतात आणि गावठी अंड्यापेक्षा स्वस्त पडतात. गावठीचा खरा गुण वेगळाच आहे. बारा-पंधरा अंडी झाली की ती घालणे थांबवते, पिसे फुलवून खुराड्यात ठाण मांडते, हात नेला तर टोचते आणि घशातून ‘क्लक्-क्लक्’ असा आवाज काढते. हे खुडूक होणे. जास्त अंड्यांच्या हव्यासापायी संकरित जातींतून नेमका हाच गुण निवडून-निवडून काढून टाकला गेला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात तयार झालेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या परसासाठीच्या जाती गोव्यातही पोहोचल्या आहेत. जुन्या गोव्याजवळ एला येथे असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत या प्रकारच्या कोंबड्यांवर काम झाले आहे. त्या भरपूर अंडी देतात, पण अंड्यांवर नीट बसत नाहीत. मग त्यांची अंडी गावठीच्याच पोटाखाली जातात. बदकाची अंडीही ती उबवते. २१ ऐवजी २८ दिवस बसते, आणि पुढे ‘आपली’ पिल्ले व्हाळात (ओढ्यात) उतरताना पाहून काठावर कलकलाट करते.

बसवण्यासाठी सात दिवसांपेक्षा जुनी नसलेली, मध्यम आकाराची आणि न तडकलेली अंडी निवडतात. फ्रिजमधली चालत नाहीत. धुतलेलीही नकोत, कारण कवचावरचा नैसर्गिक थर पाण्याने निघून जातो आणि जंतूंना वाट मिळते. कळपात कोंबडा नसेल तर अंडी मिळतील, पिल्ले नाहीत. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. जुनी टोपली किंवा खोका घेऊन तळाशी राख, तिच्यावर गवत आणि वर निरगुडीचा पाला घालतात. पाला उवा-पिसवांसाठी असतो, कारण तीन आठवडे एकाच जागी बसणाऱ्या कोंबडीला हे किडे बेजार करतात आणि ती अर्ध्यावर अंडी सोडून उठू शकते. दहा-बारा अंडी पुरे. जास्त ठेवली तर कडेची थंड पडतात. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण करतात, म्हणजे मागाहून दुसऱ्या कोंबडीने घातलेले अंडे ओळखून काढता येते. विजेच्या कडकडाटाने अंडी मरतात असे मानून टोपलीत लोखंडी खिळा ठेवणारीही घरे आहेत. खिळ्याने नुकसान काही होत नाही.

यानंतर माणसाला फारसे काम नसते. कोंबडीच्या अंगाची ऊब ४० अंशांच्या वर असते आणि पोटावरची पिसे झडून उघडी पडलेली कातडी थेट कवचाला टेकते. अंडी ती स्वतःच चोचीने फिरवते. दिवसातून एकदा उठते, घाईघाईने दाणा-पाणी करते, दुर्गंधीची मोठी शीट टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परतते. सातव्या रात्री अंधारात टॉर्चच्या तोंडावर अंडे धरले तर आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. आरपार स्वच्छ दिसणारे ते फोल. विसाव्या दिवसाच्या सुमारास अंड्याच्या बोथट टोकाकडल्या हवेच्या पोकळीत पिल्लाची चोच शिरते आणि कवचाच्या आतून चिवचिव ऐकू येते. कोंबडीही वरून हळू आवाजात उत्तर देते. पहिले भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास जाऊ शकतात. या वेळी मदतीला धावणारी माणसेच जास्त पिल्ले मारतात. आतल्या पडद्यात अजून रक्त वाहत असते, बलक पोटात ओढला जात असतो. कवच सोलले की रक्तस्राव होतो. त्याच बलकावर जन्मलेले पिल्लू दोन दिवस दाण्याविना राहते. म्हणून तर एका दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरवर पाठवता येतात.

खुडूक कोंबडी हवी तेव्हा मिळत नाही, म्हणून थर्माकोलच्या पेटीचे छोटे उबवणी यंत्र आता बऱ्याच घरांत आले आहे. तापमान ३७.५ अंश, दिवसातून किमान तीन वेळा अंडी फिरवणे आणि अठराव्या दिवसापासून न फिरवणे हे सगळीकडे सारखेच. गोव्यात फरक पडतो तो आर्द्रतेत. यंत्राबरोबरच्या कागदावर पहिल्यापासून पाण्याची वाटी भरून ठेवायला सांगितलेले असते. जुलैच्या पावसात ते ऐकले तर फसगत होते. बाहेरची २७ अंशांची ओलीचिंब हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापली, तरी तिच्यात जवळपास ५० टक्के आर्द्रता उरते, आणि पहिल्या अठरा दिवसांना तेवढीच लागते. वर आणखी पाणी घातले की अंड्यातली वाफ पुरेशी बाहेर जात नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचाआड गुदमरून मरते. पाणी शेवटच्या तीन दिवसांसाठी राखून ठेवावे. तेव्हा ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. जानेवारीत मात्र वाटी सुरुवातीपासून लागते. पावसात वीज गेली तर झाकण न उघडता पेटीवर गोधडी टाकावी. दोन-चार तासांनी सहसा काही बिघडत नाही.

उबवणे कोंबडीला जमते, पिल्ले वाचवणे मात्र घरच्यांवर येते. बारातली दहा बाहेर आली, तरी दोन महिन्यांनी चार उरतात असे अनेकदा होते. दिवसा घार, कावळा आणि झुडपातून चालत येणारा भारद्वाज. मुंगूस तर दिवसाढवळ्या स्वयंपाकघराच्या दारातून पिल्लू उचलते. रात्री घूस, रानमांजर, कांडेचोर (उदमांजरासारखा प्राणी) आणि कधी अजगर. पोटात कोंबडी गेल्याने फुगलेला अजगर खुराड्याच्या फटीतून बाहेर पडू न शकल्याने आतच सापडतो. त्याला मारणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. वन खात्याला कळवावे. या सगळ्यांवर उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात: खुराडा जमिनीपासून वर, जाळी बोट न जाईल इतकी बारीक, अंधार पडण्याआधी दार बंद आणि पहिले तीन आठवडे आई-पिल्ले डालग्याखाली. पाण्याच्या पसरट ताटलीत खडे टाकतात, नाहीतर पिल्ले त्यातच बुडतात. आई नसेल तर पहिल्या आठवड्यात बल्बने ३३ ते ३५ अंश ऊब द्यावी आणि दर आठवड्याला सुमारे तीन अंश उतरवावी. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळून चोची उघडल्या तर उकडते आहे; थर्मामीटरपेक्षा हे पाहणे खात्रीचे.

रोगांत सगळ्यात धास्ती मानमोडीची, म्हणजे राणीखेतची. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि आठवड्याभरात अंगण रिकामे होते. लसोटा लसीचा थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात घालतात. अडचण अशी की कुपी किमान शंभर मात्रांची मिळते, लस कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते आणि घरात पिल्ले असतात नऊ. वाड्यातल्या चार-पाच घरांनी एकाच सकाळी लसीकरण ठरवले तरच ते परवडते. जिथे शेजारणींचे बोलणे बंद आहे, तिथे मानमोडी हमखास येते. देवी डासांमुळे पावसाळ्यात पसरते आणि तुऱ्यावर-डोळ्यांभोवती खपल्या धरतात. रक्ती हगवण ओल्या जमिनीतून येते, म्हणून जून-जुलैत काढलेली पिल्ले जगवणे कठीण. दसरा-दिवाळीनंतरची सरस निघतात. अचानक बरीच पाखरे मेली तर ती व्हाळात न फेकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवणे आवश्यक आहे. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, त्यानंतर याबाबत सूट नाही.

खाणे स्वस्त: कणी, कोंडा, ताटातले उरलेले, शिवाय पाचोळ्यातली वाळवी आणि किडे. तोटा शेजाऱ्याच्या तांबडीभाजीच्या वाफ्याचा होतो. नुकती पेरलेली भाजी कोंबड्या दहा मिनिटांत उकरतात, आणि गावातली निम्मी भांडणे तिथून सुरू होतात. जन्मलेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात. ते पाच-सहा महिन्यांत सव्वा-दीड किलोचे होतात. त्यांतले काही राखणदाराच्या (गाव राखणाऱ्या देवाच्या) नावाने सोडलेले, काही पाहुण्यांच्या शाकुतीसाठी (मसालेदार रश्श्यासाठी) आणि काही पाय बांधून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. श्रावणात हिंदू घरांत मांसाहार बंद असतो. मागणी चतुर्थीनंतर परत येते आणि नाताळपर्यंत चढत जाते. तलंगा (तरुण कोंबड्या) सहसा विकत नाहीत.

पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची झाली की आई एके दिवशी त्यांनाच टोचू लागते. ती बावरून तिच्या मागे धावतात, ती पळते, उंच फांदीवर जाऊन बसते. आठवड्याभरात तिचा तुरा पुन्हा लाल होतो आणि मागीलदारी लाकडांच्या ढिगाआड, कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी पहिले अंडे सापडते.