शेणाच्या ढिगात उबणारी अंडी

फिनलंडमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जाती मोजून 5. त्यांतल्या 4 थेट पिल्ले घालतात. अंडी घालणारा एकच, ग्रास स्नेक. मानेवर दोन पिवळे डाग असलेला हा बिनविषारी साप आपल्या दिवडाच्या कुळातला.

हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंत उतरतो, पण ते दिवस निभतात. जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली, दगडांच्या कपारीत साप शिरतात आणि वरचा बर्फ गोधडीसारखा ऊब धरतो. बर्फ न पडता कडाका आला, तर मात्र बिळातच मरतात.

खरी अडचण उन्हाळ्याची. अंडी काही आठवडे 25 ते 30 अंशांत राहायला हवीत आणि तिथली माती जुलैतही रात्रंदिवस तेवढी तापलेली राहत नाही. अ‍ॅडर या विषारी सापाची मादी पिल्ले पोटात घेऊन उन्हाच्या तिरिपेमागे सरकत राहते. म्हणून तर अ‍ॅडर आर्क्टिक वृत्तापलीकडेही सापडतो. पण गाभण मादी फारसे खात नाही, वाळून जाते आणि पुढची वीण दोन-तीन वर्षांनीच होते. (आपली घोणसही पिल्लेच घालते, तीही ऐन उकाड्यात. तेव्हा ही रीत केवळ थंडीपायी आली असे समजू नये.)

ग्रास स्नेकने वेगळी वाट काढली: उकिरडा. शेण-पेंढा कुजताना जिवाणू उष्णता सोडतात आणि त्या उबेत मादी जून-जुलैत 10 ते 40 अंडी घालते. एकाच ढिगात अनेक माद्या येतात. आता बऱ्याच गोठ्यांतले शेण पातळ करून टाकीत साठवतात, त्यामुळे असे ढीग कमी झाले. सापांसाठी मुद्दाम ढीग रचायचा तर दीड मीटर लांब-रुंद, मीटरभर उंच हवा. लहान ढीग रात्रीत निवतो. जागा उन्हाची, पाण्याजवळची. घोड्याची लीद, पेंढा, पाला यांचे थर द्यावेत आणि तळाशी फांद्या घालाव्यात. हवा खेळली नाही तर ढीग नुसता सडतो, तापत नाही. ताजी लीद मधोमध 60 अंशांवर जाते, तिथे अंडी उकडतील. म्हणून ढीग मेमध्येच रचावा, म्हणजे अंडी पडेपर्यंत पहिला जोर ओसरतो. पावसाने ताण दिला तर पाणी शिंपडावे, कारण कातडी कवचाची अंडी कोरड्यात आक्रसतात.

जूनपासून सप्टेंबर सरेपर्यंत ढिगाला फावडे लावू नये. ऑक्टोबरात उपसला की एकमेकांना चिकटलेल्या, टोकाशी चिरलेल्या पांढऱ्या टरफलांचा घोस हाती येतो.