आप्पांच्या फाइलमागचा इतिहास

आप्पांबद्दल आमच्या घरातल्या लहानांनाही दोन गोष्टी माहीत आहेत. संपात त्यांची गिरणी सुटली, आणि शेवटपर्यंत गिरणी कामगारांच्या घराच्या अर्जाची फाइल त्यांनी उशाशी ठेवली. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा याच दोन गोष्टी पुन्हा निघतील. पण संप १९८२चा आणि घरांची पहिली सोडत २०१२ची. मधली तीस वर्षं घरात कुणी नीट सांगत नाही, आणि आप्पांचं म्हातारपण कसं जाणार हे तर त्याच काळात ठरलं. म्हणून हे टिपण मुख्यतः त्या वर्षांबद्दल आहे.

आधीचं थोडक्यात. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५०च्या दशकात ताडदेवला उभी राहिली आणि पुढची शंभरेक वर्षं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं गिरण्यांत येत राहिली. आप्पा साठच्या दशकात संगमेश्वराकडून आले, चुलत्यांच्या ओळखीवर. गावकीच्या खोलीत वळकटीपुरती जागा, खाणावळीत जेवण आणि रोज गिरणीच्या दारात बदलीसाठी उभं राहणं. कुणी खाडा केला तरच काम मिळायचं. मुकादमाची मर्जी सांभाळत काही वर्षं काढल्यावर ते साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कायम झाले. त्यानंतर गावाहून जो पोरगा यायचा, त्याची पहिली ओळख आप्पांशी व्हायची. कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात माणूस लागतोय याची बातमी त्यांच्याकडे असायची.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या सगळ्यांना आठवतात. पण आप्पांच्या बोलण्यात नेहमी १९४६चा कायदा यायचा. त्या कायद्यामुळे वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता आणि कामगार तर भलत्याच नेत्याच्या मागे उभे होते. ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी सरकार बोलेना. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. ऑक्टोबर १९८३मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यात आप्पांची नव्हती. त्यांची गिरणी पुढे थोड्या माणसांवर चालू झाली, तेव्हा आप्पांना आत घेतलं नाही. भातलावणीला गावी गेलेले आप्पा परत आले ते वॉचमनच्या नोकरीवर. आई डबे करून द्यायला लागली तीही तेव्हापासूनच.

आता मुख्य गोष्ट. १९९१मध्ये शहराच्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे, असं तो सांगत होता. एक वाटा महापालिकेला मैदानं आणि बागांसाठी, एक सरकारी गृहनिर्माण मंडळाला सामान्यांच्या घरांसाठी, आणि एक मालकाला. शहराच्या ऐन मध्यावर गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन होती, काही तर सरकारी भाडेपट्ट्यावरची. आप्पांच्या पिढीला ‘आपल्याला घर मिळेल’ असं पहिल्यांदा वाटलं ते या हिशेबावरून.

मार्च २००१मध्ये नियम बदलला. बदल एका ओळीत सांगता येतो: वाटे संपूर्ण जमिनीचे न करता, ज्या भागावर बांधकाम नव्हतं तेवढ्याच भागाचे करायचे. गिरणीचं आवार ज्यांनी पाहिलंय त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. साचेखातं, कातणखातं, गोदामं, बॉयलर, चिमणी, ऑफिस यांनीच सगळी जागा व्यापलेली असायची. बांधकामाखालची जमीन मालकाच्या हिशेबात गेली आणि उरलेल्या अंगणाचे तीन वाटे झाले.

जुन्या नियमात मालकांना फायदा नव्हता म्हणून ते पुढे येत नव्हते, त्यामुळे कामगारांची देणी अडली होती, असं सरकारचं म्हणणं होतं. त्यात तथ्य होतं. त्या दहा वर्षांत फार थोड्या जमिनी हाती आल्या होत्या आणि आप्पांची ग्रॅच्युइटीही अडकलेलीच होती. तरीही देणी चुकवण्यासाठी शहराचा आणि कामगारांचा वाटा एवढा आखडायची गरज होती, हे मला आजही पटत नाही. देणी एकदाच द्यायची होती. जमीन मात्र कायमची गेली. शिवाय हा बदल झाला तेव्हा चाळींमध्ये कुणाला त्याचा पत्ताच नव्हता. आप्पांना तो कळला पुढे, न्यायालयातल्या बातम्यांमधून.

पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने याचिका केली. ऑक्टोबर २००५मध्ये उच्च न्यायालयाने कामगारांच्या आणि शहराच्या बाजूने निकाल दिला. आप्पांनी तो दिवस सणासारखा साजरा केला, हे मोठ्या नातवंडांना आठवत असेल. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि २००१चा बदल वैध ठरवला. त्याआधीच, २००५मध्ये, सरकारी गिरण्या सांभाळणाऱ्या महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी मिळून सुमारे २,००० कोटी रुपयांना विकल्या होत्या.

घरांच्या सोडती या उरलेल्या वाट्यातून निघाल्या. जून २०१२च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती, सव्वादोनशे चौरस फुटांची. घरांसाठी आलेले अर्ज दीड लाखाच्या आसपास. आप्पांचा नंबर लागला नाही, २०१६लाही नाही आणि २०२०लाही नाही.

याच काळात आप्पा सगळ्या गावकीचे झाले. घराच्या अर्जाला १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा लागायचा: लाल पास, तिकीट क्रमांक, हजेरीपत्रक, ईएसआय कार्ड, पगारपावती. बंद पडलेल्या गिरणीचे कागद आणायचे कुठून? नवरा गेलेल्या बायकांना खातं कुठलं हेसुद्धा सांगता यायचं नाही. आप्पांना माणूस, त्याची पाळी आणि त्याचा मुकादम आठवायचा, आणि तिथून ते कागदापर्यंत पोचायचे. आमच्या घरी चहाला बसलेल्या कितीतरी अनोळखी आज्या याच कामाला आलेल्या असायच्या. स्वतःच्या अर्जापेक्षा या कामात त्यांनी जास्त चपला झिजवल्या.

आता मुंबईबाहेर, शेलू आणि वांगणीला घरं देऊ केली आहेत. कामगारांच्या बऱ्याच संघटनांना ती मान्य नाहीत, घर मुंबईतच हवं असं त्या म्हणतात. आप्पाही तेच म्हणायचे. आईचं वय पाहता थांबावं की होकार द्यावा, हे वर्षश्राद्धानंतर सगळ्यांनी बसून ठरवायचं आहे. अर्जावर वारस म्हणून आईचं नाव लावायचंय, त्यासाठी आप्पांचा मूळ लाल पास लागेल. फाइलमध्ये फक्त झेरॉक्स आहे. धाकट्या काकांनी येताना गावच्या ट्रंकेत एकदा बघून यावं.