नौदलाचा पैसा आणि नौदलाची सज्जता (भारत)

नौदलाची सज्जता म्हणजे आज रात्री हुकूम सुटला तर ताफ्यातली किती जहाजं, पाणबुड्या, हेलिकॉप्टरं खरंच निघू शकतात आणि निघाल्यावर लढू शकतात, त्याचा हिशोब. कागदावर ताफा केवढा आहे हा हिशोब निराळा, आणि गोंधळ इथेच होतो, कारण बजेटच्या दिवशी टीव्हीवर एकच मोठा आकडा झळकतो, २०२५-२६ ला संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी, आणि सगळे खूश. त्यातले साधारण १.६ लाख कोटी पेन्शनला जातात हे कोणी सांगत बसत नाही.

नौदलाचा पैसा दोन हेडखाली येतो. रेव्हेन्यू म्हणजे पगार, इंधन, सुटे भाग, दुरुस्ती असा रोजचा खर्च, आणि कॅपिटल म्हणजे नवी जहाजं, पाणबुड्या, विमानं. कॅपिटलमधला बराचसा पैसा वर्ष सुरू व्हायच्या आधीच गुंतलेला असतो, कारण युद्धनौका बांधायला वर्षानुवर्षं लागतात आणि जुन्या करारांचे हप्ते चालूच राहतात, मग नव्या गोष्टींना उरतं ते थोडंच. डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल करमबीर सिंग यांनी पत्रकारांसमोर सरळ सांगितलं होतं की संरक्षण बजेटमधला नौदलाचा वाटा २०१२ ला १८ टक्के होता तो १३ टक्क्यांवर आलाय. २०२७ पर्यंत २०० जहाजांचा ताफा असं जे आधी ठरलं होतं तेही मग १७५ वर आणावं लागलं.

आता रक्कम वाढवली की झालं असं वाटत असेल तर तसंही नाही. मंजूर झालेला पैसा ३१ मार्चला संपतो, खर्च झाला नाही तर परत जातो. वर्षाच्या मध्ये सुधारित अंदाजात कधी कात्री लागते, तर कधी टेंडरच इतकं रखडतं की पैसे आहेत पण करार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने यावर उपाय म्हणून २०२१-२६ साठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेचा वेगळा आधुनिकीकरण निधी सुचवला होता, वर्ष संपलं तरी लॅप्स न होणारा.

याचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो रिफिटला, म्हणजे जहाजाच्या मोठ्या डागडुजीला. जहाज ड्राय डॉकमध्ये घेतात, पाणी काढतात, तळ खरवडतात आणि मग एकेक मशीन उघडत जातात, आणि खरं काम किती आहे ते उघडल्यावरच कळतं. पाइप गंजलेला निघतो, पंपाचा पार्ट रशियाहून यायचा असतो, त्याची मागणी, त्यावर वित्त सल्लागाराची सही, मग ऑर्डर. तोवर मार्च येतो. दुसरीकडे ज्या जहाजाला लगेच समुद्रात जायचंय त्याचा पंप बंद पडलेला असेल तर डॉकमधल्या जहाजाचाच काढून त्याला लावतात, म्हणजे एकाची सज्जता वाढली आणि दुसऱ्याचा मुक्काम लांबला. शिवाय डॉकही हवा ना. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डची सुरुवात १७३५ ची, पण विमानवाहू जहाज मावेल असा ड्राय डॉक तिथे सुरू झाला सप्टेंबर २०१९ मध्ये. विक्रमादित्य हे विमानवाहू जहाज ताफ्यात येऊन तेव्हा जवळपास सहा वर्षं झाली होती!

हा प्रश्न काही दिल्लीने शोधलेला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमारावर वेगळं प्रकरण आहे आणि त्यात पैशाचं फार स्पष्ट सांगितलंय, की आरमाराचा खर्च मुलखातून ठरवून द्यावा, बंदराच्या मिळकतीवर सोडू नये, नाहीतर सावकारांना त्रास होऊन बंदरंच बसतील. पावसाळ्यात आरमाराची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, हेही त्यात आहे, कारण एकाच गावाला त्याचा जाच होतो. अमात्यांचं म्हणणं आजच्या भाषेत आणायचं तर खात्रीचा निधी द्या, जमेल तेव्हा जमेल तेवढं असं नको.

सज्जता बारीक वस्तूंवर कशी अडते याचं सगळ्यात कडू उदाहरण म्हणजे सिंधुरत्न. रशियन बनावटीच्या किलो वर्गातल्या या पाणबुडीत बॅटरीचे २४० सेल असतात, एकेक सातआठशे किलोच्या आसपास, आणि पाण्याखाली सगळं त्यावरच चालतं. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळ समुद्रात, रिफिटनंतरच्या चाचण्या चालू असताना आत धूर झाला आणि दोन अधिकारी गेले. त्याच्या आधीच्या ऑगस्टमध्ये मुंबई डॉकयार्डात याच वर्गातल्या सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट होऊन १८ जण गेले होते. सिंधुरत्नच्या दिवशीच नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला आणि सरकारने तो त्याच दिवशी स्वीकारलाही. चौकशीत बोट केबलच्या आगीवर आणि काही चुकांवर ठेवलं गेलं, पण नव्या बॅटऱ्यांची खरेदी रखडली होती हेही तेव्हा सगळीकडे आलं होतं. बॅटरीच्या खरेदीला कोणी नारळ फोडत नाही, फोटो निघत नाही, त्यामुळे फाइल टेबलावर पडून राहिली तरी बाहेर कळत नाही.

पाणबुड्यांचीच दुसरी गोष्ट मुंबईच्या माझगाव डॉक या जहाज कारखान्याची. फ्रेंच रचनेच्या सहा स्कॉर्पीन पाणबुड्या तिथे बांधायचा करार २००५ चा, पहिली २०१२ ला मिळायची होती, ती कलवरी ताफ्यात आली १४ डिसेंबर २०१७ ला आणि सहावी वागशीर जानेवारी २०२५ मध्ये. उशीर एक वेळ समजू शकतो, पण यांच्यासाठी ९८ ब्लॅक शार्क टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारी अस्त्रं, घ्यायचे होते आणि ते बनवणारी इटालियन कंपनी फिनमेक्कानिका समूहातली, आणि याच समूहाचं नाव ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर खरेदीतल्या लाचखोरीच्या प्रकरणात आलेलं. खरेदी रद्द झाली. म्हणजे हजारो कोटींची नवी कोरी पाणबुडी आणि तिच्यात जुन्या जर्मन पाणबुड्यांसाठी घेतलेले टॉर्पेडो! इथे पैसे नव्हते असं कोणी म्हणू शकत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये शेवटी ४८ टॉर्पेडोंचा करार झाला, तोही इटलीच्या त्याच कंपनीशी.

विमानवाहू जहाजांवर एवढं लिहिलं गेलंय की इथे थोडक्यात. कोचीला बांधलेल्या विक्रांतला २००३ मध्ये ३,२६१ कोटी मंजूर झाले होते, २०१४ ला ते १९,३४१ कोटी झाले, आणि जहाज ताफ्यात आलं २ सप्टेंबर २०२२ ला. असं एक जहाज बाकीच्यांचे किती पैसे अडवून ठेवतं यावर नौदलातही वाद आहेत, आणि ते संपतील असं काही दिसत नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते माइनस्वीपरबद्दल, म्हणजे शत्रूने बंदराच्या तोंडाशी पेरलेले सुरुंग शोधून साफ करणाऱ्या जहाजांबद्दल. जेएनपीटी किंवा मुंबई बंदराच्या चॅनेलमध्ये दोनचार सुरुंग टाकले तरी कंटेनर जहाजं बाहेर उभी राहतील आणि युद्धनौकाही आत अडकतील, मग त्या कितीही भारी असोत. भारताकडे सोव्हिएत बनावटीचे बारा माइनस्वीपर होते, ते म्हातारे होत गेले आणि शेवटचा, आयएनएस कोळिकोड, एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाला. त्यांच्या जागी नवे बारा वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये कोरियन कंपनी कांगनामच्या मदतीने बांधायचे होते, अंदाजे ३२,००० कोटींचं काम. आधी एकदा दलालीच्या आरोपांवरून टेंडर बंद पडलं, मग काम थेट गोवा शिपयार्डला दिलं, मग किंमत आणि तंत्रज्ञानावरून बोलणी अडली आणि जानेवारी २०१८ मध्ये तेही रद्द. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने या जहाजांची गरज पुन्हा एकदा मान्य केली. गरज मान्य झाल्यावर टेंडर निघतं, मग चाचपणी, किंमतीची बोलणी, मंत्रिमंडळ समितीची सही, करार, आणि त्यानंतर पहिला पत्रा कापला जातो, म्हणजे बांधणी सुरू होते. तोवर सुरुंग शोधायची यंत्रं दुसऱ्याच जहाजांवर बसवून काम भागवायचं, असं सध्या चाललंय.