फॉर्म्युला वनमधली खर्चकपात आणि नियमबदल

फॉर्म्युला वनमधली खर्चकपात म्हणजे एफआयए ही मोटरस्पोर्टची जागतिक संघटना आणि टीम्स यांच्यात गेली वीसेक वर्षं चाललेली ओढाताण. छोट्या टीम बुडायला लागल्या की नियम बदलायचा, आणि नियम बदलला की मोठ्या टीमनी तोच पैसा दुसऱ्या वाटेनं घालवायचा, असं हे चक्र आहे.

एकेकाळी क्वालिफायिंगला (शर्यतीत कोण कुठल्या नंबरवरनं सुटणार हे ठरवणारी फेरी) वेगळं इंजिन आणि शर्यतीला वेगळं असला थाट होता. 2004 ला एका वीकेंडला एकच इंजिन असा नियम आला, 2005 ला तेच दोन वीकेंड चालवायचं ठरलं, 2006 ला 3 लिटरचं व्ही10 (दहा सिलिंडरचं) जाऊन 2.4 लिटरचं व्ही8 (आठ सिलिंडरचं) आलं, म्हणजे बचतीच्या नावाखाली सगळ्यांनी परत नवीन इंजिन डिझाइन करायचं. 2009 पासून सीझन चालू असताना टेस्टिंग जवळपास बंद केलं, तर पैसा सिम्युलेटर आणि विंड टनेलकडं (गाडीवर वारा सोडून तिचा आकार तपासायचा बोगदा) वळला.

खरी बोंब झाली 2008 च्या मंदीत. डिसेंबरात होंडा बाहेर पडली, पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यू आणि टोयोटानं पण गाशा गुंडाळला. एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी 2009 ला बजेट कॅप, म्हणजे टीमच्या वर्षाच्या खर्चावर मर्यादा, सुचवला, आधी 3 कोटी पौंड, मग 4 कोटी. जी टीम मर्यादा पाळेल तिला तांत्रिक सवलती, बाकीच्यांना नाहीत. फेरारीसकट मोठ्या टीम भडकल्या, जूनमध्ये वेगळी मालिका काढतो म्हणून जाहीर करून मोकळ्या झाल्या, आणि शेवटी कॅपच गुंडाळला गेला. पण स्वस्तात रेसिंग होणार या भरवशावर ज्यांनी अर्ज भरले ते मधल्यामधी अडकले. त्यातल्याच एचआरटी टीमकडं आपला भारतीय ड्रायव्हर करुण चंढोक होता. 2010 च्या बहरीन शर्यतीला त्याची गाडी सरावाच्या एकाही सत्रात बाहेर आली नाही, त्या गाडीत तो पहिल्यांदा फिरला तो थेट क्वालिफायिंगला, आणि शर्यतीत दुसऱ्याच लॅपला बाहेर! 2012 नंतर एचआरटी बंद पडली, विजय मल्ल्यांची फोर्स इंडिया 2018 ला दिवाळखोरीच्या दारात जाऊन दुसऱ्या मालकाकडं गेली.

बंधनकारक कॉस्ट कॅप आला 2021 ला. ठरला होता 17.5 कोटी डॉलर, कोविडमुळं 14.5 कोटीवर आणला, 2022 ला 14 कोटी, 2023 ला 13.5 कोटी, त्यावर महागाई आणि जादा शर्यतींची भर. ड्रायव्हरचा पगार, सगळ्यात महागडी तीन माणसं, मार्केटिंग हे यात धरत नाहीत, इंजिनाचा हिशोब वेगळा. 2021 लाच इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर रेड बुल टीमच्या व्हेरस्टॅपेनची गाडी आदळली, तर टीमनं नुकसान सांगितलं 18 लाख डॉलर, तेव्हाच्या भावानं 13 कोटी रुपयांच्या वर. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या किलोच्या रेटवरनं घासाघीस करणाऱ्याला हा आकडा सांगून बघा.

पहिल्याच वर्षी रेड बुल कॅपच्या वर गेली, साधारण 1.6 टक्के, आणि चुकीच्या धरलेल्या खर्चात केटरिंग पण निघालं (तांबडा-पांढरा नक्की नसणार). 70 लाख डॉलर दंड आणि एरोडायनॅमिक टेस्टिंगमध्ये 10 टक्के कपात झाली, तरी 2023 ला त्यांनी 22 पैकी 21 शर्यती मारल्या. मग दंड कसला, असं वाटणारच. त्यापेक्षा टेस्टिंगची उतरंड जास्त कामाची वाटते: पहिल्या नंबरच्या टीमला ठरलेल्या वेळेच्या 70 टक्के, दहाव्याला 115 टक्के. बाकी टीम त्यानंतर खरंच जवळ आल्या.

कोल्हापुरात हा विषय तसा परका नाही. मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या (छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यती) फेऱ्या झाल्यात, इथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत जाऊन आलाय. रोटॅक्स मॅक्ससारख्या कार्टिंग क्लासमध्ये इंजिन सील केलेलं आणि टायर सगळ्यांना एकसारखा, म्हणजे आतमध्ये हात घालून पॉवर वाढवायची सोयच नाही. तरी नवीन टायरचे सेट आणि ट्रॅकवरचे तास ज्याच्या खिशाला परवडतात तो पुढंच असतो, त्याला कुठला नियम अडवणार?

2026 साठी परत सगळं बदललं. एमजीयू-एच हा धुराच्या उष्णतेतून वीज करणारा महागडा भाग काढला, विजेची पॉवर 120 वरनं 350 किलोवॉट, इंधन शाश्वत, डीआरएस (ओव्हरटेक करायला मागच्या पंखाची फट उघडायची सोय) बंद, गाडी 30 किलोनं हलकी. कॅपचा आकडा 21.5 कोटी डॉलरवर गेला, पण बरेच वगळलेले खर्च आत घेतलेत त्यामुळं जुन्या आकड्याशी सरळ तुलना करू नये. इंजिन बनवणाऱ्यांना वेगळा कॅप, 13 कोटी. या गाड्या ट्रॅकवर यायच्या आधीच, 2025 ला, एफआयए अध्यक्ष मोहम्मद बेन सुलायेम यांनी साध्या, स्वस्त, आवाजवाल्या व्ही8 कडं परत जायचा विषय काढला. हायब्रिडवर (पेट्रोल आणि वीज दोन्हीवर चालणाऱ्या इंजिनावर) पैसा ओतलेल्या कंपन्यांना एवढ्या लवकर परत नवीन इंजिनाला हात घालायचा नाही, आणि प्रेक्षकांना आवाज पाहिजे.