दहा वर्षांचा व्हिसा आणि दहा वर्षांचं ग्रीन कार्ड

मुलं अमेरिकेत स्थायिक झालेल्या निवृत्त आई-वडिलांकडे बहुधा दोनपैकी एक गोष्ट असते: पासपोर्टात चिकटवलेला बी-१/बी-२ व्हिजिटर व्हिसा किंवा ग्रीन कार्ड. दोन्हींची मुदत साधारण दहा वर्षं, आणि घोळ तिथेच होतो. व्हिसावाल्यांना वाटतं, दहा वर्षं हवं तितकं राहता येईल. कार्डवाल्यांना वाटतं, दहा वर्षांत कधीही परत येता येईल. खरं तर व्हिसावर तुम्ही अमेरिकेत किती दिवस राहिलात ते मोजलं जातं, आणि कार्डावर अमेरिकेबाहेर किती दिवस राहिलात ते.

व्हिसावरची तारीख एवढंच सांगते की त्या दिवसापर्यंत तुम्ही तिकडच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागू शकता. राहायचे दिवस तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. व्हिजिटरला बहुधा सहा महिने मिळतात. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते आणि विमानाने येणाऱ्यांना ती वेबसाइटवर पाहावी लागते. पोहोचल्याच्या आठवड्यातच मुलाकडून तिची प्रिंट काढून घ्या आणि फ्रिजवर लावा. ती तारीख उलटली की व्हिसाची कितीही वर्षं उरलेली असोत, तो रद्द धरला जातो. त्यापुढे १८० दिवसांहून जास्त राहून परत आलात तर तीन वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं प्रवेशबंदी. सुनेचं बाळंतपण, आजारपण, काहीही कारण असलं तरी मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज त्या तारखेच्या आत गेला पाहिजे.

सहा महिने राहायचं, दोन आठवडे पुण्यात येऊन लोणची-पापड भरायचे आणि पुन्हा सहा महिने, हे गणित किती दिवस चालेल सांगता येत नाही. दोन फेऱ्यांमध्ये किती अंतर हवं, याचा आकडा कायद्यात नाही. पण ही मंडळी पाहुणी म्हणून येत नाहीत, इथेच राहतात, असं अधिकाऱ्याला वाटलं तर तो दिवस कमी करतो किंवा परत पाठवतो. जितके दिवस तिकडे, निदान तितके इकडे, हा लोकांनीच घालून घेतलेला नियम मला शहाणपणाचा वाटतो.

ग्रीन कार्डासाठी मुलगा किंवा मुलगी अमेरिकन नागरिक हवी, वय २१ पूर्ण हवं. मुलाकडे स्वतःचं नुसतं ग्रीन कार्ड असेल तर त्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. आई-वडिलांना कोट्याची रांग नाही, पण मुलाने नात्याच्या आधारे करायचा आय-१३० अर्ज दोघांचा वेगवेगळा. मग मुलाच्या उत्पन्नाची हमी, वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला आणि महाराष्ट्रातल्यांची मुलाखत मुंबईत बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये.

यात आपल्याकडे हमखास अडतं ते आईच्या नावापाशी. शाळेच्या दाखल्यात कुसुम केशव, लग्नात नाव बदलून पासपोर्टवर सुनंदा वसंत, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आणखी तिसरंच काहीतरी. त्यात आईच्या स्वतःच्या जन्माची नोंदच नसते. मग जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा पालिकेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि एखाद्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. ते सांगू शकणारी मामा-मावशी हयात आहेत तोवर हे करून ठेवलेलं बरं.

कार्ड हातात आलं की मोजणी उलटी सुरू होते. सहा महिन्यांच्या आत परतलात तर सहसा अडचण येत नाही. त्याहून जास्त बाहेर राहिलात की प्रश्न वाढतात. वर्ष झालं की नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. त्यासाठी आधी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, काढलेलं लागतं. ते सहसा दोन वर्षांचं असतं आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, नाशिकला बसून होत नाही. दर पाच महिन्यांनी पंधरा दिवस जाऊन यायचं, हा अनेकांचा तोडगाही भरवशाचा नाही, कारण तुमचं खरं घर कुठे आहे हे अधिकारी पाहतो.

आणि कर. ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं: इथली पेन्शन, एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त असलं तरी तिकडे ती सूट नाही. म्युच्युअल फंडांचे नियम तर इतके किचकट, की सीएची फी परताव्याहून जास्त व्हावी. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी एफडीतच ती मर्यादा ओलांडते. दरवर्षी सहा-सहा महिने राहणारा व्हिजिटरही करापुरता रहिवासी ठरू शकतो, पण त्याला त्यातून सुटायची वाट असते.

कार्ड मिळालं की औषधपाणी फुकट, हा समजही सोडावा. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी वय ६५ आणि सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. स्वतः किंवा जोडीदाराने तिकडे नोकरी केलेली नसेल, तर त्यातल्या पार्ट-एचा, म्हणजे हॉस्पिटलच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता २०२५ मध्ये महिन्याला ५१८ डॉलर होता. तरी या बाबतीत व्हिजिटरपेक्षा कार्ड उजवं, कारण व्हिजिटर विम्यात जुना मधुमेह किंवा हृदयविकार बहुधा बाहेर ठेवलेला असतो.

म्हणून माझं मत: घर, मित्रमंडळी आणि डॉक्टर इथेच राहणार असतील, तर व्हिसा पुरे. दोन्ही मुलं तिकडे आहेत, एकटं राहणं झेपत नाही आणि इथला संसार आवरायची तयारी आहे, तर कार्ड. ‘असू दे, कधीतरी कामाला येईल’ म्हणून ते घेऊ नये.

घेतलेलं कार्ड नकोसं झालं, तर आय-४०७ भरून परत करता येतं आणि मग व्हिजिटर व्हिसासाठी नव्याने अर्ज करता येतो. मात्र विमानतळावर कुणी तोच फॉर्म पुढे केला आणि तुम्हाला कार्ड सोडायचं नसेल, तर सही करू नका. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडायचा हक्क कार्डधारकाला असतो.