पिसणारा दिसेना: ऑनलाइन रमीतल्या तक्रारी आणि बदलत गेलेला खेळ

२२ ऑगस्ट २०२५ रोजी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पुढच्या काही दिवसांत कंपन्यांनी पैशांची रमी बंद केली. तेव्हा कंपन्यांच्या नुकसानीची, सरकारच्या महसुलाची, जाहिराती करणाऱ्या नटांची आणि क्रिकेटपटूंची भरपूर चर्चा झाली. रोज रात्री टेबलावर बसणारा भिडू मात्र तिच्यात फारसा दिसला नाही. तो कित्येक वर्षांपासून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत करत होता आणि त्याची खेळायची रीतही बदलत चालली होती. ही पार्श्वभूमी त्याच्या बाजूने मांडली आहे.

या गोष्टीचे मूळ मोबाइलच्या कितीतरी आधीचे, सिकंदराबादच्या एका क्लबातले आहे. तिथे पैसे लावून रमी खेळणाऱ्यांवर जुगाराचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण’ या १९६८च्या निकालात न्यायालयाने म्हटले की तीन पत्ती जशी निव्वळ नशिबाची, तशी रमी नाही. कोणती पाने पडली हे लक्षात ठेवावे लागते, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवावे लागते, म्हणून हा मुख्यतः कौशल्याचा खेळ. हे वाक्य पुढची पन्नास वर्षे रमीवाल्यांनी ढालीसारखे वापरले. महाराष्ट्रात तर १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १३ आधीपासूनच केवळ कौशल्याच्या खेळांना सूट देत होते.

त्याच निकालात आणखी एक वाक्य होते, ते मात्र फार कमी वेळा उद्धृत झाले. पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबाचा किंवा घराचा मालक स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा ठरू शकतो. पत्त्यांचे किंवा बसण्याचे माफक शुल्क वेगळे आणि खेळातून कमाई वेगळी, असा तो भेद होता. माझ्या मते ऑनलाइन रमीचे पुढचे सगळे भांडण या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाले.

गेम्स२४x७ ही मुंबईची कंपनी २००६ची. त्या काळात घरोघरी संगणकही नव्हते. खरी गर्दी वाढली ती २०१६नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी चटईवर बसून मेंढीकोट, बदाम सात, झब्बू आणि रमी खेळलेली माणसे एसटीत, पानाच्या टपरीवर, रात्री अंथरुणात मोबाइलवर पाने लावू लागली. खेळ तोच होता: तेरा पाने, दोन कॅट (पत्त्यांचे दोन पूर्ण संच), एक तरी प्युअर सिक्वेन्स, म्हणजे जोकर न वापरता क्रमाने लागलेली एकाच चिन्हाची पाने. फक्त चटईवर कोण पिसतो, कोण कापतो, कोण कोणाला डोळ्याने खुणावतो हे सगळ्यांना दिसायचे. मोबाइलवर यातले काहीच दिसेना.

पहिली मोठी तक्रार तिथूनच आली. “मुद्दाम खराब पाने देतात”, “जिंकायला लागलो की जोकर येणे बंद होते”, ही वाक्ये प्रत्येक खेळणाऱ्याने ऐकली आहेत, बहुतेकांनी म्हटलीही आहेत. कंपन्या उत्तरादाखल आयटेक लॅब्ससारख्या परदेशी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र दाखवत. पाने पिसणारी आकड्यांची यंत्रणा तपासलेली आहे, असे त्याचे म्हणणे. ज्याचे पैसे गेले त्याला कागद दाखवून समाधान होत नाही, हे उघड आहे. तरी या तक्रारीचा एक भाग गणिताने सुटतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा.

दोन कॅटमध्ये दोन छापील जोकर धरा. कापून निघालेल्या पानाच्या किमतीची सगळी पाने त्या डावात जोकर ठरतात. अशी आणखी सात पाने गठ्ठ्यात उरतात, म्हणजे एकूण नऊ जोकर. तेरा पानांच्या हातात यातला एकही न येण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास आहे. सलग तीन डाव जोकरविना जाण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्याही थोडी खाली. ऐकायला हे दुर्मिळ वाटते. चटईवर रात्रभरात पंधरा-वीस डाव होत, म्हणून तिथे ते चार-पाच रात्रींतून एखाद्या वेळी घडे. मोबाइलवर दोघांचा डाव काही मिनिटांत संपतो. शंभर डाव खेळणाऱ्याला असा पट्टा एकदा तरी येणे अगदी साहजिक आहे. खेळाचा वेग वाढला आणि दुर्दैवही त्याच वेगाने भेटू लागले. मोठ्या संख्येने आलेल्या तक्रारींचा उगम मला इथे दिसतो.

पण बॉटच्या तक्रारीला असे उत्तर नाही. समोर माणूस आहे की प्रोग्रॅम, हे खेळाडूला कळण्याचा मार्गच नव्हता. रात्री तीन वाजता एका सेकंदात पान टाकणारा, कधीही न थकणारा, हरलेल्या हातातून नेमका वेळेवर ड्रॉप घेणारा, म्हणजे डाव सोडून देणारा भिडू पाहिला की संशय येणारच. ऑनलाइन रमीवरच्या आपल्या बंदीच्या बाजूने तमिळनाडू सरकारने उच्च न्यायालयात जवळपास हाच मुद्दा मांडला होता. ऑनलाइन रमी ही समोरासमोरच्या रमीपेक्षा वेगळी आहे, असे त्यांचे म्हणणे. ९ नोव्हेंबर २०२३च्या निकालात मद्रास उच्च न्यायालयाने, सरकारला हा फरक दाखवून देता आला नाही, असे सांगून रमीला बंदीतून बाहेर काढले. न्यायालयाला पुरावा लागतो, तो खेळाडूच्या हातात कधीच नव्हता. पुरावा असलाच तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच सर्व्हरवर होता.

याउलट संगनमताच्या तक्रारीत कंपन्या खेळाडूंच्या बाजूने होत्या. सहा जणांच्या टेबलावर दोन मित्र फोन कानाला लावून बसले आणि एकमेकांना लागणारी पाने सोडू लागले, तर बाकीचे चौघे आपापले पैसे देऊन उठतात. म्हणून एकाच नेटवर्कवरून किंवा एकाच जागेवरून आलेल्या दोघांना एका टेबलावर बसू न देण्याची पद्धत आली. त्यातून दुसरी ओरड सुरू झाली. एका वाय-फायवर खेळणारे भाऊ, होस्टेलची मुले, एका खोलीत राहणारे कामगार काही न करताच संशयित ठरत.

आता खेळायच्या रीतीकडे येऊ, कारण तिथला बदल जास्त खोल आहे. १९६८च्या निकालाने कौशल्य म्हणून पहिले नाव घेतले ते स्मरणशक्तीचे. ॲपने नेमके तेच काम स्वतःकडे घेतले. बटण दाबले की आतापर्यंत कोणी काय टाकले याची यादी समोर. इस्पिकची नव्वी गेली की नाही हे आठवत बसायची गरज उरली नाही. चटईवर ज्यांचा दरारा होता त्या पाठांतरवाल्या काकांचे भांडवल एका रात्रीत गेले.

मग चुरस दुसरीकडे सरकली. सुरुवातीला सगळ्यांना एकच सल्ला मिळे: राजा, राणी, गुलाम आधी टाका, प्रत्येकी दहा गुणांचे ओझे आहे (रमीत गुण म्हणजे हरणाऱ्याचा दंड). सगळेच ते पाळू लागल्यावर पहिल्या तीन-चार पाळ्यांत मोठ्या पानांचा नुसता पाऊस पडे. हे ओळखलेले खेळाडू राजा-राणीची जोडी मुद्दाम धरून ठेवू लागले, कारण हवा असलेला गुलाम समोरचा आपणहून टाकणार. काही काळाने टाकणारेही सावध झाले. गळ टाकणे तर रोजचे झाले. हातात बदामाची सत्ती-अठ्ठी आहे, नव्वी हवी आहे, तर इस्पिकची नव्वी टाकायची. समोरच्याला वाटते, याला नव्व्या नकोत, आणि बदामाची नव्वी खाली येते. फेकलेल्या पानांची यादी सगळ्यांनाच दिसत असल्याने ही चाल आणखी धारदार झाली. यादी जो विश्वासाने वाचतो, तोच तिच्यात अडकतो.

सगळ्यात मोठा बदल मात्र पान उचलण्यापूर्वीचा होता, तो म्हणजे ड्रॉप. पहिल्याच पाळीला सोडले तर २० गुण, मधून सोडले तर ४०, पूर्ण हरले तर ८०. चार ड्रॉप मिळून एक पूर्ण हार होते. घरच्या खेळात पाने बघून लगेच हात टाकणाऱ्याला भित्रा म्हणत. पैशाच्या टेबलावर तोच शहाणा ठरला. १०१च्या पूलमध्ये, म्हणजे १०१ गुण झाले की बाहेर पडायच्या खेळात, तर हिशेब आणखी सरळ आहे: पाच ड्रॉप घेतले तरी १०० गुण होतात, माणूस आत राहतो. त्यामुळे बचावात बसणारे, पाचही ड्रॉप मोजून वापरणारे खेळाडू तयार झाले. “हे खेळतच नाहीत, नुसते बसून राहतात” ही नवी तक्रार त्यांच्यामुळेच आली. मला ती मान्य नाही. नियमाने दिलेली जागा त्यांनी ओळखली, इतकेच.

यात नेटवर्कचा भाग वेगळा सोसावा लागे. सलग पाळ्या चुकल्या की बहुतेक ॲपवर मधला ड्रॉप लागे. घाटात रेंज गेली, की चांगला लागलेला हात ४० गुणांना जाई. रेंज असली तरी हद्दीचा प्रश्न होताच. तेलंगणाने २०१७ मध्ये आणि आंध्र प्रदेशाने २०२० मध्ये रमीची सूट काढून घेतल्यावर ॲप खेळाडूची जागा तपासू लागले. नांदेडहून हैदराबादला निघालेल्या माणसाचे टेबल वाटेत बंद पडे. तोच माणूस, तेच पैसे, तोच डाव, फक्त गाडीने हद्द ओलांडलेली.

तरीही माझे स्पष्ट मत आहे की पाने, बॉट आणि रेंज यांपेक्षा पैशांच्या नियमांनी हा खेळ जास्त बदलला. ॲपचे कापून घेणे हे त्यातले पहिले. समजा दोघांनी शंभर-शंभर लावले आणि एकूणातून १० टक्के कापले गेले, तर जिंकणाऱ्याला १८० मिळतात. केवळ बरोबरीत राहायला शंभरातले ५६ डाव जिंकावे लागतात. कपात १५ टक्के असेल तर ५९. बरोबरीच्या तोडीचे दोघे रोज एकमेकांशी खेळत राहिले, तर महिनाअखेर दोघेही तोट्यात असतात. “इतका चांगला खेळतो तरी पैसे कुठे जातात” याचे उत्तर अनेकांनी बॉटमध्ये शोधले, पण ते या साध्या वजाबाकीत होते. आणि १९६८च्या निकालातले ते दुर्लक्षित वाक्यही नेमके याच नफ्याविषयी होते.

मग कर आले. आधी दहा हजारांवरच्या जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जाई, म्हणून बक्षीस दहा हजारांच्या आत राहील अशी टेबले निवडणे हा शिरस्ता होता. १ एप्रिल २०२३पासून ती मर्यादा गेली. कर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर, पैसे काढताना आणि वर्षअखेर उरलेल्या शिलकीवरही, असा नियम आला. खेळाडू भरलेले आणि काढलेले पैसे यांचा हिशेब वहीत ठेवू लागले, ३१ मार्च जवळ आला की मोठी टेबले टाळू लागले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून जीएसटी ॲपच्या कपातीऐवजी भरलेल्या पूर्ण रकमेवर आला, तोही २८ टक्क्यांनी. शंभर रुपये भरले की जवळपास २२ रुपये कराचे. अनेक कंपन्यांनी तेवढा बोनस देऊन खेळाडूला धरून ठेवले. जिंकलेले पैसे पुन्हा लावले तर नवा कर नव्हता, म्हणून पैसे काढायचेच नाहीत, आतच फिरवायचे, ही चाल रूढ झाली. बाहेर काढलेला पैसा परत आणणे महाग पडे. ज्या माणसाला कधीतरी उठायचे होते, त्याला उठणे या नियमाने अवघड केले. याची चर्चा फार झाली नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

बाहेरच्या समाजाची तक्रार तोवर वेगळ्याच वाटेने चालली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडूंनी गेमिंगच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरच्या वांद्र्यातल्या घरासमोर आंदोलन केले. तमिळनाडूने २०२५ मध्ये रात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद ठेवण्याचा नियम केला आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने तो मान्य केला. जुलैमध्ये तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याच्या आरोपाचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेर त्यांचे खाते बदलले. ऑगस्टमध्ये संसदेने दोन दिवसांत कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवणे गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. १९६८पासून टिकलेला भेद एका कलमात पुसला गेला. कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या आणि ८ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सगळ्या याचिका स्वतःकडे घेतल्या.

फुकटच्या चिप्सची रमी या कायद्याच्या बंदीत येत नाही. पण पैशाच्या टेबलावरून तिथे गेलेल्या माणसाला पहिल्याच रात्री फरक कळतो. तिथे कोणी ड्रॉप घेत नाही. जोकर नसलेला, सिक्वेन्स नसलेला हात घेऊनही सगळे शेवटपर्यंत बसतात, मोठी पाने हातात साठवतात, ८० गुण देऊन पुढचा डाव मागतात. चटईवर अगदी असेच खेळत.